निरोप फोनपर्यंत कसा येतो

शिरपूर जैनच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, की या पुस्तकाचा विषय कानावर पडतो. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू असो की महिन्याचे सामान भरायला आलेला शेतकरी, पैसे फोनवरून जातात आणि गल्ल्याशेजारचा छोटा डबा मोठ्याने रक्कम सांगतो. डबा बोलला की व्यवहार संपला. तो गप्प राहिला की बोलाचाली सुरू. “पैसे कटले ना भाऊ माह्ये, डब्बा काहून बोलत नाही?” असे गिऱ्हाईक विचारते. दुकानदार म्हणतो, “थांबा काका, हिस्ट्रीत पाहू द्या.”

दुकानदार करतो ते अगदी बरोबर आहे. डब्याचा आवाज ही व्यवहार झाल्याची वर्दी असते; व्यवहाराची नोंद बँकेत असते. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी येतात. नोंद पक्की झालेली असतानाही वर्दी वाटेत अडकते, उशिरा येते, कधी येतच नाही. मोबाइलवरच्या नोटिफिकेशनची सगळी यंत्रणा या फरकावर उभी आहे, आणि ॲप बनवणाऱ्यांनाच त्याचा वारंवार विसर पडतो. हे पुस्तक लिहायला घेतले ते त्यासाठी.

वाशिम जिल्ह्यासारख्या भागात फोनवर येणारी वर्दी ही आता चैन राहिलेली नाही. सोयाबीन-तुरीचा भाव, वीज बंद राहणार असल्याचा निरोप, पीक विम्याची मुदत, पतसंस्थेचा हप्ता, शाळेची सूचना, आकाशातल्या विजेचा इशारा, सगळे तिथेच येऊ लागले आहे. हे निरोप पाठवणारी ॲप्स आपल्याकडची मुलेही बनवू लागली आहेत: कुणी शेतकरी उत्पादक कंपनीसाठी, कुणी गावातल्या पतसंस्थेसाठी, कुणी कॉलेजच्या प्रकल्पासाठी. इंग्रजी मार्गदर्शिकेतल्या चार ओळी उचलल्या की पहिले नोटिफिकेशन टेबलावरच्या फोनवर लगेच वाजते. हुरूप येतो. मग ॲप गावात जाते, आणि निम्म्या लोकांना काही आलेच नाही अशी तक्रार येते. टेबलावरचा फोन आणि शेतातला फोन यांच्यात नेमके काय बदलले, हे मराठीत कुणी सविस्तर सांगितलेले मला तरी आढळले नाही.

मुळापासून सुरुवात करू. बाहेरच्या कोणत्याही संगणकाला आपल्या फोनशी आपणहून बोलणे सुरू करता येत नाही. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. आतून कुणी आधी बाहेर बोलले असेल तरच बाहेरच्याचे उत्तर आत येते. आयपीव्ही६ मुळे फोनला स्वतंत्र पत्ता मिळाला तरी न बोलावता आलेल्याला आत घेतले जाईलच असे नाही, आणि फोन झोपलेला असला तर त्या पत्त्याचा उपयोगही नसतो. मग प्रत्येक ॲपने दर मिनिटाला आपल्या सर्व्हरकडे ‘काही आहे का?’ असे विचारत राहावे का? तसे करून पाहिले गेले, आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकेना. कारण चार अक्षरे पाठवण्यासाठी जागा झालेला फोनचा रेडिओ काम झाल्यावर लगेच झोपत नाही, आणखी काही सेकंद जागाच राहतो. वीस ॲप्स आपापल्या वेळेला विचारू लागली तर तो कधी झोपणारच नाही.

यावर निघालेला तोडगा साधा आहे. फोनने स्वतः एकच जोडणी बाहेर उघडायची, ती कायम उघडी ठेवायची आणि सगळ्या ॲप्सचे निरोप त्या एकाच जोडणीवरून घ्यायचे. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम गूगल प्ले सर्व्हिसेस करते. ती गूगलच्या सर्व्हरशी बहुधा ५२२८ क्रमांकाच्या पोर्टवरून जोडलेली असते. आयफोन ॲपलच्या सर्व्हरशी ५२२३ वरून जोडलेला असतो. जोडणी जिवंत आहे हे कळावे म्हणून अधूनमधून एक छोटा ठोका जातो. मधल्या जाळ्याने गप्प जोडणी तोडून टाकू नये, यासाठीही तो लागतो. याचा अर्थ असा, की बाजारभावाच्या ॲपचा सर्व्हर शिरपूरच्या शेतकऱ्याच्या फोनला कधीच भेटत नाही. तो निरोप गूगलकडे देतो. गूगल तो फोनकडे देते, आणि फोन ॲपला उठवून त्याच्या हाती देतो. तीन हात आहेत, आणि तिन्ही ठिकाणी निरोप थांबू शकतो.

ही कल्पना लोकांपर्यंत कशी आली याचा इतिहास फार लांब नाही. ब्लॅकबेरीने ई-मेलसाठी ती आधी रुजवली. ॲपलने २००८ मध्ये जाहीर केलेली सेवा जून २००९ मध्ये आयफोन ओएस ३ बरोबर सुरू झाली. गूगलची पहिली सेवा २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ बरोबर आली. २०१२ मध्ये तिची जागा गूगल क्लाउड मेसेजिंगने घेतली आणि २०१६ मध्ये आजचे फायरबेस क्लाउड मेसेजिंग आले. दर वेळी जुने बंद झाले. २०२४ मध्ये गूगलने फायरबेसचीही निरोप पाठवण्याची जुनी पद्धत मिटवायला घेतली, तेव्हा कुणी देखभाल न करणारी ॲप्स एकेक करून मुकी झाली. एकदा बनवून सोडून दिलेले ॲप इथे टिकत नाही. ज्या संस्थेला ॲप बनवून द्याल तिला हे पहिल्याच दिवशी सांगा, ही माझी तरुण वाचकांना कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे मात्र या सगळ्याच्या आधीपासून एक देशी पद्धत चालू होती: मिस कॉल. २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, आणि न उचललेल्या कॉलला कुणालाच पैसे पडत नसल्याने त्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवण्याची रीत घराघरांत पडली. घंटा वाजली म्हणजे बस मालेगावहून निघाली, एवढेच. त्या घंटेत माहिती शून्य. माहिती दोघांच्या डोक्यात. शेतकऱ्यांनी तर ही रीत विहिरीपर्यंत नेली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याचे यंत्र बनवले. तशा मोबाइल स्टार्टरांमुळे, वर्षानुवर्षे थ्री-फेज वीज रात्री-अपरात्री मिळत आलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याचा अंधारात विहिरीवर जाण्याचा फेरा वाचला. उत्तम पुश नोटिफिकेशन मला या मिस कॉलसारखे वाटते. ते फक्त उठवते. बाकीचे ॲपने आपल्या सर्व्हरकडे जाऊन आणायचे. या पुस्तकात मी हाच आग्रह शेवटपर्यंत धरला आहे.

हा आग्रह आवडीपोटी नाही. निरोपाच्या पाकिटात मावते तरी किती? फायरबेस आणि ॲपल, दोन्हीकडे साधारण मर्यादा ४०९६ बाइटची आहे. ॲपलने सुरुवात केली तेव्हा ती २५६ बाइट होती. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र मोजल्या जातात. ‘शेतकरी’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. ४०९६ बाइटमध्ये देवनागरीची फार तर साडेतेराशे चिन्हे बसतात, आणि त्यातच बाकीचा सांगाडाही मावायला हवा. एसएमएसमध्ये हेच निराळ्या तऱ्हेने घडते. साध्या इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे, देवनागरीत ७०. मराठीत काम करणाऱ्याने ही मोजदाद डोक्यात ठेवलीच पाहिजे. इंग्रजी नमुन्यावर चाचणी करून पाठवलेला जिल्ह्यातल्या सगळ्या बाजार समित्यांच्या भावांचा तक्ता मराठीत गेला की मर्यादा ओलांडतो आणि फायरबेस तो सरळ नाकारते.

आता पत्त्याकडे येऊ. फायरबेस फोन नंबर ओळखत नाही. ॲप फोनमध्ये बसते तेव्हा त्याला एक लांबलचक टोकन मिळते. ते टोकन त्या फोनमधल्या त्या ॲपच्या त्या प्रतीचे असते. सिमकार्डाशी त्याचा संबंध नाही. आपल्या भागात याचे परिणाम नीट समजून घ्यावे लागतात. सोयाबीन विकले की दिवाळीच्या सुमारास घरात नवा फोन येतो. मुलाचा जुना फोन वडिलांकडे जातो आणि वडिलांचा आईकडे. सिम निघून दुसरीकडे गेले, पण ॲप आणि टोकन जुन्या फोनमध्येच राहिले. मग मुलाच्या पतसंस्थेच्या थकबाकीचा निरोप वडिलांच्या हातातल्या पडद्यावर झळकतो. ही गळती लहान नाही, कारण तिच्यापायी घरात भांडणे होतात. फोन पुसून पुन्हा सुरू केला की टोकन बदलते. ॲप काढून पुन्हा टाकले तरी बदलते. २७० दिवस कुणी न वापरलेले टोकन फायरबेस कालबाह्य धरते. सर्व्हरने टोकनांची ही यादी सतत झाडून ठेवली नाही, तर काही महिन्यांतच तो मोठ्या उत्साहाने रिकाम्या घरांना निरोप पाठवत बसतो.

आणि वेळ. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर फायरबेस निरोप सांभाळून ठेवते. किती वेळ ठेवायचा ते पाठवणाऱ्याने सांगायचे असते. काहीच सांगितले नाही तर तो जास्तीत जास्त मुदतीपर्यंत, म्हणजे २८ दिवस राहतो. आता विजेच्या इशाऱ्याचा विचार करा. मे-जूनमध्ये आणि पुन्हा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येते आणि माणसे उघड्या शेतात असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने देशभरातल्या वीज टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्याच्या आधारे ‘दामिनी’ ॲप बनवले. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत आहेत का, ते त्यात कळते. असा इशारा वीस-तीस मिनिटांनंतर निरुपयोगी होतो. तो २८ दिवस सांभाळला आणि रेंजमध्ये आल्यावर निरभ्र संध्याकाळी वाजवला, तर निरुपयोगी म्हणून सोडून देता येत नाही, त्याने नुकसान होते. दुसऱ्या वेळी खरा इशारा वाजला तरी माणूस झाडाखालून हलत नाही. अशा निरोपाची मुदत मिनिटांत ठरवली पाहिजे.

पीक विम्याचे गणित निराळे. स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट अनेक हंगाम होती. तिथे निरोप तीन दिवस जिवंत राहणे योग्य, चौथ्या दिवशी तो मेलेलाच बरा. बाजारभाव आणखी निराळा: सकाळचा भाव दुपारच्या भावाने पुसून टाकला पाहिजे. त्यासाठी निरोपांना एकाच गटाची खूण लावण्याची सोय आहे. फोन पुन्हा जोडला गेला की त्या गटातला फक्त शेवटचा निरोप पोहोचतो. ही खूण लावली नाही तर निरोप साचत जातात. एका फोनसाठी शंभराहून अधिक साचले की फायरबेस साचलेले सगळेच टाकून देते आणि ॲपला एवढेच कळवते की काही निरोप गेले, तुझ्या सर्व्हरकडून सगळे पुन्हा आण. निरोपातच सगळी माहिती कोंबणाऱ्याचे ॲप या क्षणी आंधळे होते. उठून सर्व्हरकडे जायला शिकलेल्या ॲपचे काहीच अडत नाही.

निरोप फोनपर्यंत आला तरी ॲपपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने डोझ आणले: फोन हलवला नाही, पडदा बंद राहिला, की तो गाढ झोपतो. साध्या प्राधान्याचे निरोप मग पुढच्या जागेपणापर्यंत थांबतात. उच्च प्राधान्याचे निरोप त्याला उठवतात. मोह असा होतो की सगळेच उच्च प्राधान्याने पाठवावे. पण उठवून पडद्यावर काहीच न दाखवणाऱ्या ॲपचे प्राधान्य गूगल पुढे आपोआप खाली आणते. त्यातच काही फोन कंपन्यांनी बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःचे आणखी कडक नियम लावले आहेत. फोन दिवसभर चार्ज न करता चालावा म्हणून वापरणाऱ्याने एखादे ॲप सेटिंगमधून ‘फोर्स स्टॉप’ केले, तर ते पुन्हा उघडेपर्यंत त्याला काहीच मिळत नाही. याशिवाय एक बारीक भेद आहे. ‘नोटिफिकेशन’ प्रकारचा निरोप ॲप मागे असताना फोनची यंत्रणाच पडद्यावर लावते, ॲपला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘डेटा’ प्रकारचा निरोप ॲपच्या हाती येतो. हा भेद न समजल्यामुळे वाया गेलेले दिवस मी अनेक नवशिक्यांच्या कामात पाहिले आहेत; म्हणून त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे.

फायरबेसने निरोपाला क्रमांक दिला, म्हणजे त्याने तो स्वीकारला. पोहोचवला असे नाही. अहवालात ‘पाठवले: ५,०००’ असे लिहून खूश होणाऱ्या कचेऱ्या पाहिल्या की वाईट वाटते. पोचपावती हवी असेल तर ॲपने ती स्वतः सर्व्हरला द्यायला हवी. ज्यांची पावती आली नाही त्यांना एसएमएस किंवा प्रत्यक्ष फोन, हा जुना मार्ग मोकळा ठेवायला हवा.

सुरुवातीच्या त्या बोलक्या डब्याची गोष्ट इथे पुरी करतो. अशा यंत्रांमध्ये स्वतःचे सिम असते. त्यांच्यासाठी सर्रास वापरला जाणारा एमक्यूटीटी हा नियमसंच अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये बनवला, तो उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निरोप फार तर एकदा द्यायचा, किमान एकदा द्यायचा, की नेमका एकदाच, हे त्यात पाठवणारा ठरवतो. दुकानात हा फरक थेट पैशाचा होतो. ‘किमान एकदा’मध्ये तोच निरोप दोनदा येऊ शकतो, आणि पन्नास रुपये दोनदा बोलले गेले तर हिशेब चुकतो, म्हणून डब्याने व्यवहाराचा क्रमांक लक्षात ठेवून दुसरी खेप गिळली पाहिजे.

जिवावरच्या इशाऱ्यांसाठी मात्र पुश नोटिफिकेशनवर एकट्याने विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकन हवे, ॲप हवे, नेट हवे, परवानगी हवी. एवढ्या अटी जिवाच्या प्रश्नाला लावता येत नाहीत. त्यासाठी सेल ब्रॉडकास्ट आहे: टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम सांगतो, कुणाचा नंबर किंवा टोकन न विचारता. २०२३ मध्ये दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्याच्या देशभर चाचण्या घेतल्या, तेव्हा अचानक मोठ्याने वाजलेले फोन पुष्कळांना आठवत असतील. लोक घाबरले, चिडलेही. पण नेट बंद असतानाही ओरडू शकणारी ती वाट गावांसाठी फार मोलाची आहे.

नोटिफिकेशनचा आणखी एक वैरी म्हणजे गर्दी. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठी परवानगी मागावी लागते, आणि जाहिरातींनी कावलेला माणूस ती नाकारतो. शेतीच्या ॲपने सणाच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि कर्जाच्या जाहिराती त्याच वाटेने पाठवल्या, तर गारपिटीचा निरोपही त्याच रागाने बंद होतो. अँड्रॉइड ८ पासून वेगवेगळ्या कामांसाठी वेगळे चॅनल करता येतात. इशारा चालू ठेवून बाकीचे बंद करण्याची मुभा माणसाला द्या. शुभेच्छा पाठवायच्याच असतील तर दुसऱ्या मार्गाने पाठवा.

मधल्या हाताला काय दिसते, हाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी एका पत्रातून जाहीर केले की सरकारे ॲपल आणि गूगलकडे पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागत आहेत. कुणाला, कोणत्या ॲपकडून, कधी निरोप गेला एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. मजकूर ॲपनेच गुप्त लिपीत बांधला नसेल तर तोही वाचता येतो. म्हणूनच सिग्नलसारखे ॲप पुशमधून मजकूर पाठवत नाही, फक्त उठवते. थकबाकी, आजार, कोर्टाची तारीख अशा गोष्टींबाबत गावातल्या ॲपनेही तेच करावे: पडद्यावर ‘नवीन सूचना आहे’ एवढेच, बाकीचे आत, पिन टाकल्यावर.

पुस्तकाची पहिली चार प्रकरणे आज्ञावली न येणाऱ्या वाचकालाही कळतील अशी लिहिली आहेत. पतसंस्थेचे सचिव, मुख्याध्यापक, उत्पादक कंपनीचे संचालक यांनी तेवढी वाचली तरी ॲप बनवून घेताना कोणते प्रश्न विचारायचे ते समजेल. पुढची प्रकरणे अँड्रॉइडवर भर देतात, कारण आपल्या गावांत तेच फोन आहेत. आयफोन आणि ब्राउझरमधल्या वेब पुशसाठी एकेक प्रकरण ठेवले आहे. उदाहरणांतली सगळी वाक्ये मराठी आहेत, म्हणजे बाइटांचा हिशेब खरा निघेल. प्रयोगांसाठी महागडे काही लागत नाही. गूगल प्ले सर्व्हिसेस चालणारा जुना अँड्रॉइड फोन, एक केबल आणि संगणक पुरे. फोन मुद्दाम डोझमध्ये घालून, विमान मोडमध्ये ठेवून, ॲप फोर्स स्टॉप करून, टोकन बदलून प्रत्येक प्रयोग पुन्हा करायचा आहे. पाचव्या प्रकरणापासून हे सक्तीचे धरा. त्यानंतर तोच फोन खिशात घालून रेंज तुटेल इतके शेतात जा, तासाभराने परत या, आणि काय आले, किती वाजता आले, कोणत्या क्रमाने आले ते वहीत उतरवा. सहाव्या प्रकरणातले तक्ते त्या वहीसाठीच कोरे सोडले आहेत.